अस्वल चालतं कसं

आमच्या जहाजावरून अस्वल नेमकं जेवणाच्या वेळी दिसतं. यावर मी कुणाशीही पैज लावीन. सूप वाढून झालेलं असतं, मासा तव्यावरून नुकता उतरलेला असतो, आणि वरून घंटा वाजते. झालं. सगळे पाहुणे मांडीवरचे रुमाल टाकून, लाल जॅकेटं चढवत डेककडे पळतात. परत येतात तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले असतात, सूपावर साय धरलेली असते आणि माझं डोकं तापलेलं असतं. मग कुणीतरी लाडात येऊन म्हणतं, "योरुन, जरा गरम करून देतेस का?" कॉडला दुसऱ्यांदा आच दिली की त्याचं चामडं होतं, हे ऐकायला तेव्हा कुणाला वेळ नसतो.

या सगळ्या नासाडीला इतकी वर्षं एकच माणूस जबाबदार होता. एलिफ ब्रात्राइन, आमचा टेहळ्या.

'लोमवी' तसं लहान जहाज. लग्नाचं एक वऱ्हाड मावेल, एवढंच. पण थाट असा की न्हाणीघरातली फरशीसुद्धा पायाला ऊबदार लागते. पाहुणे हिमनदीच्या कड्यासमोर उभे राहून शॅम्पेन पितात, रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरतात, परत आल्यावर बूट घासून घेतात, कारण एका बेटाची माती दुसऱ्या बेटावर न्यायची नाही. उन्हाळाभर उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या खाड्यांतून हेच चालतं. वालरस बघून ते वा वा म्हणतात, पक्ष्यांचे कडे बघून वा वा म्हणतात, पण मनातून प्रत्येक जण एकाच गोष्टीची वाट बघत असतो. ती दिसली नाही तर त्या फेरीत माझा मासाही कुणाला गोड लागत नाही.

आणि ती दिसायची ती एलिफच्या डोळ्यांनी. सुकाणूखोलीच्या कोपऱ्यातल्या खिडकीशी त्याची जागा. दुर्बीण गळ्यात, तोंडात वाळवलेल्या माशाचा तुकडा, डोक्यावर बहिणीने विणलेली टोपी. ती टोपी मी त्याला सांगून सांगून दोनदा धुतली, तिसऱ्यांदा तो ती घेऊन पळाला. माणूस साठीचा, बायको कधीच सोडून गेलेली, पत्त्यांत कायम हरणारा. पण डोळा असा की साहेबलोकांच्या भारी दुर्बिणी त्याच्यापुढे खेळणी. "अस्वल पांढरं नसतं," तो म्हणायचा. "जुन्या लोण्यासारखं पिवळं असतं. पांढऱ्यात पांढरं शोधत बसाल तर जन्म जाईल."

हे त्याच्या बापाचं शिक्षण. बाप कार्लसोयचा, सीलच्या शिकारीच्या बोटींवर आयुष्य काढलेला. त्या बोटींवर समुद्रात अस्वलाचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. नाव घेतलं की त्याला ऐकू जातं. म्हणून म्हणायचं 'म्हातारबा'. एलिफनेही ती रीत मोडली नाही. कोपऱ्यातून तो एवढंच म्हणायचा, "म्हातारबा आलेत," आणि बोट दाखवायचा. की कप्तान स्टेनार घंटेची दोरी ओढायचा, शेजारच्या खाडीतल्या जहाजांना कळवायचा, कारण एकट्याने बघायचं नाही हीसुद्धा रीतच, आणि माझ्या सूपाची वाट लागायची.

एलिफ जेवायला मात्र पाहुण्यांच्या आधी किंवा नंतर, माझ्या भटारखान्यात, पाव भाजायच्या भट्टीला पाठ लावून उभ्याने. बसत नसे. बसला की झोप येते म्हणे. तिथेच उभ्याने तो काय काय बोलायचा. म्हणून पुढचं मला माहीत.

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. उत्तरेकडच्या एका खाडीत त्याला मादी दिसली, बरोबर लहानसं पिल्लू. खाडीचं नाव मी सांगणार नाही. मादीने नुकताच सील मारला होता आणि दोघं खात होती. एलिफने 'म्हातारबा आलेत' म्हटलं, घंटा वाजली, आम्ही नियमाप्रमाणे लांबच थांबलो, यंत्रंही मंद केली. पण थोड्या वेळात दुसरं जहाज आलं, मग तिसरं. ती दोन्हीही लांबच थांबली. नियम कुणीही मोडला नाही. फक्त तीन बाजूंनी तीन जहाजं झाली आणि मधे ती बिचारी. तिने मान वर केली, हुंगलं, सील तसाच टाकून पाण्यात उतरली. पिल्लू मागे. पाहुण्यांनी फोटो काढले, पिल्लू पोहताना किती गोड दिसतं म्हणाले. मी वैतागून सूप पुन्हा चढवलं.

परतीच्या वाटेवर त्याच खाडीच्या तोंडाशी एलिफला मादी पुन्हा दिसली. एकटीच. वाळूवर पुढे मागे येरझारा घालत होती. या वेळी त्याने तोंड उघडलं नाही.

"पिल्लू झोपलं असेल कुठे खडकामागे," मी म्हटलं होतं.

"असेल," तो म्हणाला. पाव हातात तसाच. "योरुन, पन्नास माणसांचे पन्नास फोटो झाले. माझ्या एका शब्दाने."

"तुझं कामच ते आहे."

"बापाचंही ते कामच होतं. तो निदान गोळी घालायचा. मी नुसतं बोट दाखवतो आणि हात स्वच्छ म्हणून जेवायला येतो."

त्या दिवशी तो जेवला नाही. कुणी त्याला बोल लावला नव्हता, लावणारही नव्हतं, आणि तेच त्याला जास्त खात होतं. दुसऱ्याने शिव्या घातल्या की माणूस निदान उलटून बोलतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे हिल्दूर आली. हार्स्टाची, ऐंशी ओलांडलेली, काठी टेकत पण ताठ. लेक मारित बरोबर. बाकीचे पाहुणे जगभर हिंडलेले, या बाईने आपला किनारा सोडून काही पाहिलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ती सुकाणूखोलीत गेली, पाहुण्यांना तिथे मज्जाव नसतो, आणि एलिफच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. एलिफला शेजारी कुणी बसलेलं खपत नाही. मी कॉफी घेऊन वर गेले होते, म्हटलं आता बघू.

"तू कार्लसोयचा," ती म्हणाली. "तिकडची माणसं अर्धा शब्द गिळतात."

"आणि तू हार्स्टाची," एलिफ दुर्बीण न काढता म्हणाला. "तिकडची माणसं दुसऱ्याने किती गिळले ते मोजतात."

ती खळखळून हसली. झालं, स्टूल तिचं झालं.

हिल्दूरचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी हिवाळ्यापर्यंतची आशा दिली होती. तिला मधोमध धुकं दिसायचं, कडेकडेने मात्र बरंच दिसायचं. "सरळ बघितलं की माणसाचं तोंड नाहीसं होतं," ती मला म्हणाली, "कान तेवढे शिल्लक राहतात. तुझे कान छान आहेत हो." माझ्या कानांचं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं. मी तिला त्या दिवसापासून माशाचा मधला तुकडा वाढू लागले.

ती का आली होती, हे तिने एलिफला सांगितलं आणि एलिफने मला. तिचा नवरा ओलुफ तरुणपणी इथे शिकारीसाठी हिवाळे काढायचा, अस्वल मारायला बंदी येण्याआधी. लग्नानंतर त्याने एक कातडं घरी आणलं, डोकं, दात, नखं सगळ्यासकट. ते बैठकीत जमिनीवर अंथरलेलं. हिल्दूरने त्याचे दात पुसले, पोरं त्याच्या पाठीवर खेळली, नातवंडांनी त्याच्या तोंडात बिस्किटं कोंबली.

"जन्मभर त्याच्यावर चालले रे मी," ती एलिफला म्हणाली. "अनवाणी. सकाळी उठून पहिलं पाऊल त्याच्यावर. ओलुफ गेला, डोळे जायला लागले, आणि एक दिवस पायाखाली ते लागलं तेव्हा मनात आलं, हा चालायचा कसा? मला ठाऊकच नाही. एकदा बघू दे. त्याला चालताना बघितलं की मग डोळे गेले तरी गेले."

एलिफ म्हणाला, "हिल्दूरमावशी, म्हातारबा दिसले की घंटेच्या आधी तुझ्या कानात सांगीन. शब्द देतो."

आणि भटारखान्याबाहेर मुखदुर्बळ असलेला हा माणूस दिवसभर बोलायला लागला. तिला मधलं दिसत नव्हतं, ते तो भरून द्यायचा. "आता डावीकडे कडा आहे, मावशी, काळा, त्याला पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ. आता निळा बर्फ, दोन घरांएवढा. आता सील, बाटलीसारखं डोकं, बुडालं." ती मान तिरकी करून, कोपऱ्याने बघून पडताळायची. "हो, आहे काळं." "हो, निळं दिसलं." त्याचं सांगणं आणि तिचं कडेकडेचं बघणं असं जुळून तिचं एक बघणं व्हायचं. कप्तान स्टेनार म्हणाला, "एलिफ, मला इतक्या वर्षांत एवढं सांगितलं नाहीस." त्यावर एलिफ लाजला. लाजलेला एलिफ मी तेव्हाच पाहिला.

फेरी अर्धी झाली तरी अस्वल नाही. मग आम्ही उत्तरेकडे गेलो, त्या खाडीत.

सकाळची वेळ. समुद्र सपाट, ऊन लख्ख. एलिफ कोपऱ्यात, हिल्दूर स्टुलावर, कप्तान हाताच्या अंतरावर नकाशाच्या टेबलाशी. खाडीच्या टोकाला, किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फावर, एलिफला पिवळं दिसलं. मोठं, आणि मागे लहान. मादी आणि पिल्लू, बर्फाच्या कडेने चालत होती. तीच मादी की दुसरी, देव जाणे. एलिफच्या लेखी तीच.

हिल्दूरने मान तिरकी केली. "एलिफ, तिकडे कडेला काहीतरी हललं का रे? पिवळंसं?"

स्टेनारने टेबलावरून विचारलं, "काही आहे?"

एलिफ म्हणाला, "दगड आहे, मावशी. ऊन पडलंय त्याच्यावर." आणि कप्तानाला म्हणाला, "काही नाही."

जहाज वळलं.

दुपारी तो भट्टीशी येऊन उभा राहिला, तेव्हा मी ओळखलं काहीतरी बिनसलंय. टोपी हातात होती. मी विचारायच्या आत त्याने सगळं सांगून टाकलं.

"मादीसाठी गप्प बसलास, ते बरं केलंस," मी म्हटलं. "पण म्हातारीच्या कानात सांगायला काय धाड भरली होती तुला?"

"कप्तान शेजारी उभा. ती 'कुठे, कुठे' म्हणाली असती. घंटा वाजली असती."

"ती काय कुक्कुलं बाळ आहे? गप्प बस म्हटलं असतंस तर बसली असती."

"मला सुचलंच नाही, योरुन." तो खरोखरच गोंधळल्यासारखा दिसत होता. "दिसलं की सांगायचं नाहीतर सांगायचं नाही. जन्मभर हेच दोन केलं. तिसरं काही असतं हे ध्यानातच आलं नाही."

"मग आता सांग."

"काय सांगू? तू ज्यासाठी आलीस ते समोर होतं, तू बरोबर ओळखलंस, आणि मी त्याला दगड म्हटलं?"

"हेच सांग. आजच. जितकं शिळं होईल तितकं जड जाईल."

तो टोपी पिळत राहिला. मग म्हणाला, "तिला दुसरं दाखवतो. एकटा नर. जाडजूड, कुणाला न भिणारा. त्याच्यासाठी कितीही घंटा वाजव म्हणावं. तो दाखवला की सगळं फिटेल."

मी कपाळावर हात मारला. माणूस पाप केल्यावर देवाला नवस बोलतो तसा हा अस्वलाला बोलत होता.

त्यानंतर एलिफने कोपरा सोडला नाही. इथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे माणसाने मनावर घेतलं तर न झोपता बघत राहता येतं. मी पावाबरोबर चीज वर पाठवत होते, ताटली तशीच परत येत होती. आणि हवा फिरली. धुकं असं उतरलं की जहाजाचं नाक दिसेना. हिल्दूर रोज यायची, स्टुलावर बसायची. त्याचं सांगणं मात्र आटलं होतं. "धुकं आहे, मावशी," एवढंच. ती म्हणायची, "ते मला घरीही दिसतं." तो हसायचासुद्धा नाही. पूर्वी तिच्याकडे वळून बोलायचा, आता काचेकडे बघून बोलायचा. चोराच्या मनात चांदणं. तिने काठी टेकली तरी हा दचकायचा.

एकदा धुकं जरासं फाटलं आणि एलिफ ओरडला, "म्हातारबा!" सगळे पळाले. निघालं काय, तर बर्फावर पसरलेला वालरस. इतक्या वर्षांत एलिफची पहिली चूक. कप्तान म्हणाला, "झोप जा, एलिफ. हुकूम समज." पाहुणे हसले. हिल्दूर हसली नाही. ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढं नको रे करू." त्यावर तो जो बाहेर गेला तो डेकवर मागच्या बाजूला धुक्यात जाऊन उभा राहिला. मी कॉफी नेली तर म्हणाला, "ती माझीच समजूत घालतेय, योरुन. माझी."

"अजून वेळ गेलेली नाही," मी म्हटलं.

शेवटचं जेवण कप्तानाचं असतं. मी रेनडियर शिजवलं होतं, शेवटी साईत कालवलेली मुल्ट्याची केशरी रानफळं. स्टेनारने उभं राहून भाषण केलं, "अस्वलांना यंदा आपण येणार हे कळवायचं राहून गेलं," म्हणाला, लोक बेताचे हसले. एका टेबलावरून कुरकुर ऐकू आली. हिल्दूरने मात्र मला जवळ बोलावून माझा हात धरला. "पोट भरलं हो," म्हणाली. "बाकी काय, नशिबात दगडच होता." मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ते साधंच बोलणं होतं की काही होतं त्यात, मला कळलं नाही. हे मी एलिफला सांगितलं, तेव्हा तो भट्टीचा आधार घेऊन खाली बसला. त्याला बसलेला मी प्रथमच बघत होते.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लाँगयरब्येनच्या धक्क्याला लागलो. पाहुणे उतरत होते, मी भाजीचे क्रेट चढवून घेत होते. कोबी नेहमीसारखा मार लागलेला, त्यावरून माझं पुरवठादाराशी भांडण चाललं होतं. तेवढ्यात एलिफ हिल्दूरची बॅग घेऊन उतरला. मारित गाडीवाल्याकडे गेली होती. माझ्या क्रेटांपासून दोन पावलांवर ते दोघं उभे राहिले, आणि मी कोबीवाल्याला हातानेच गप्प केलं.

"मावशी," एलिफ म्हणाला. "तो दगड नव्हता."

हिल्दूरने मान तिरकी केली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तसं. कडेला हललं काहीतरी, पिवळं. माझ्या मनात लख्ख आलं, हाच. पण माझ्या डोळ्यांवर माझा आता भरवसा नाही ना. म्हणून तुला विचारलं. तू दगड म्हणालास, मग मी त्याचा दगड करून टाकला."

"मादी होती. पिल्लू होतं बरोबर." आणि त्याने तिला सगळं सांगितलं, आदल्या उन्हाळ्याचंही. तीन जहाजं, टाकून दिलेला सील, वाळूवरच्या येरझाऱ्या. तोडकंमोडकं, शब्द गिळत.

"बरं केलंस, गप्प बसलास," ती म्हणाली. "घंटा वाजायला नकोच होती. मी कुठे घंटा मागितली होती? मी कुणाला सांगणार होते रे? तू माझ्या गुडघ्यावर नुसतं बोट टेकवलं असतंस तरी मला कळलं असतं. तेवढ्याने माझं बघणं झालं असतं."

एलिफच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने ते पुसलंही नाही.

"चालत होती?" हिल्दूरने विचारलं.

"चालत होती."

"कशी?"

मग त्याने सांगितलं. असं सांगताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. डोकं खाली, मान लांब, खांद्यापेक्षा खाली. पुढचे पंजे जरा आत वळलेले, जड, पण बर्फावर ठेवताना हळुवार, कुणी झोपलेलं असताना घरात चालावं तसे. मागचा पाय पुढच्याच्या ठशात. दर थोड्या पावलांनी थांबून नाक वर. पिल्लू तिच्या ठशांतून उड्या मारत. एलिफ बोलता बोलता आपल्या मनगटांनी ते दाखवत होता, समोरचं तिला दिसत नव्हतं तरी. हिल्दूर डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलत होते. कोबीवालासुद्धा ऐकत उभा होता.

संपल्यावर ती म्हणाली, "छान सांगितलंस."

त्याच्या तोंडावर जरा जीव आला.

"पण एलिफ," ती म्हणाली, अजिबात न रागावता, "हे खरं की म्हातारीला बरं वाटावं म्हणून, हे आता मी कसं ओळखायचं? तेव्हाही तू असाच बोलला होतास. ऊन पडलंय त्याच्यावर, म्हणालास. ते ऊनसुद्धा मला दिसलं होतं."

मारित हाक मारत होती. हिल्दूरने त्याच्या बाहीवर थोपटलं, काठीने जमीन चाचपली आणि गेली.

मला वाटलं, हा आता जहाज सोडणार. सोडलं नाही. हिवाळ्यात बहिणीकडे राहिला, यंदा पुन्हा आला, तीच टोपी. एक मात्र बदललं. मादी दिसली की तो कप्तानाला सरळ सांगतो, "म्हातारबा आहेत, पिल्लू आहे, जवळ जायचं नाही, कुणाला कळवायचं नाही, इथूनच दुर्बिणीतून बघा." पहिल्यांदा स्टेनार तडकला. जहाज कुणाचं, म्हणाला. मग कुरकुरत का होईना त्याने घंटेची दोरी सोडली. पाहुणे गुपचूप रांगेत येऊन दुर्बिणीतून पिवळा ठिपका बघतात, कुजबुजतात, परत येऊन गरम सूप पितात. हे असं करता येतं, हे इतक्या सहज जमलं, म्हणून तर एलिफला ते बघवत नाही. प्रत्येक वेळी तो तोंड फिरवतो.

हिल्दूरची दृष्टी हिवाळ्यात गेली. आता कडेकडेचंही दिसत नाही. तिचा फोन येतो, मारित लावून देते. माझ्याच भटारखान्यातला फोन, कारण एलिफ तिथेच सापडतो. तो फोन घेतो, मी धुराचा पंखा बंद करते, म्हणजे त्याला नीट ऐकू यावं. इकडचं तिकडचं काही नाही. ती म्हणते, "सांग." आणि तो सांगतो. डोकं खाली, मान लांब, पुढचे पंजे आत वळलेले, मागचा पाय पुढच्याच्या ठशात. तेच शब्द, त्याच क्रमाने. तिचं म्हणणं असं की खोटं पुन्हा पुन्हा सांगितलं की कुठेतरी बदलतं. ती बदलायची वाट बघते. ऐकून घेते, "बरं" म्हणते, ठेवून देते. 'पटलं' असं अजून एकदाही म्हणालेली नाही.

परवा तिचा फोन ठेवल्यावर तो भट्टीशी उभा राहून पाव खात होता. एकदम थांबला.

"योरुन, ते पिल्लू जहाजाकडे बघायला मागच्या पायांवर उभं राहिलं होतं. आणि तोल जाऊन ढुंगणावर आपटलं. आईने मागे वळून पाहिलं. आत्ता आठवलं."

मला हसू आलं. "मग लाव फोन. म्हातारी खूश होईल."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझं हसू तिथेच विरलं.

"आता कसं सांगू?" तो म्हणाला. "इतक्या वेळा सांगितलं, त्यात ते नव्हतं."

उरलेला पाव त्याने ताटलीत ठेवला आणि टोपी घालून वर गेला.